गुडघ्यावरची नजर

जेवणं होईपर्यंत छताचं नाव काढायचं नाही, असं दादाने बहिणीला, बायकोला आणि आत्याला फोन करून वेगवेगळं बजावलं होतं. त्यामुळे जेवणभर सगळ्यांनी मिळून हवापाणी, आत्याच्या मठातला नवा पंप आणि अप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन हे तीन विषय पार पिंजून काढले. चर्चची छतं आणि भिंती रंगवून चार पिढ्या ज्या घराने पोट भरलं, त्या घरात आज मान वर करायची चोरी झाली होती.

शेवटी अप्पांनीच पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बोला आता. मघापासून सगळे असे गुपचूप जेवताय, जसा काही मी मेलोय आणि ते मला सांगायचं कुणी हा प्रश्न पडलाय."

दादाच्या बायकोला, वहिनीला, हसू आलं, ते तिने रुमालात दाबलं. दादाने खुर्ची पुढे ओढली. तो चर्चच्या कमिटीचा सचिव. घरच्या धंद्यातला ब्रश त्याने तरुणपणीच खाली ठेवला होता आणि चौकात रंगाचं दुकान टाकलं होतं. सचिवाचा आवाज आणि मुलाचा आवाज असे त्याचे दोन आवाज होते. आत्ता त्याने सचिवाचा काढला.

"अप्पा, तुम्हाला सगळं माहीत आहे. पण एकदा सगळ्यांसमोर बोलून टाकू. पावसात वेदीवरचं छत गळलं. कमिटीने धाकटीला डागडुजी सांगितली. डागडुजी! हिने परांची बांधली, खाली पडदे लावले, वर्षभर कुणाला आत बघू दिलं नाही. गेल्या रविवारी पडदे काढले तर काय? तुमचं निळं आकाश नाही, तुमच्या सोन्याच्या चांदण्या नाहीत. काळंकुट्ट. भट्टीच्या धुराड्यात मान घातल्यासारखं."

"काळं नाही," धाकटी म्हणाली.

"मला बोलू दे. कमिटीने ठरवलं, त्यावर पांढरा मारायचा आणि मग पूर्वीसारखं निळं करायचं. सोमवारी रंगारी येणार आहेत. फक्त फादर अडून बसलेत. ते म्हणतात, ज्यांचं आकाश पुसलं गेलं त्यांनी सांगावं. अप्पा म्हणतील ते करू. म्हणून उद्या रविवारच्या मिस्सेपर्यंत मला तुमचा शब्द हवाय. बस, एवढंच."

एवढंच म्हणताना दादाचा आवाज जरा चिरला. धाकटीला वाटलं तो कमिटीचा राग होता, आणि तिथे तिची चूक झाली. दादाला त्या चांदण्या खरोखर आवडायच्या. अप्पा परांचीवर वर्ख लावायचे तेव्हा तो सोन्याची पानं धरून शेजारी उभा असायचा, श्वास रोखून, कारण सोन्याचा वर्ख नुसत्या श्वासानेही उडतो. छातीत दुखेपर्यंत श्वास धरलेला त्याला अजून आठवत होता. पुढे दुकानात हजार छटा विकल्या, पण आयुष्यात आपण एक सुंदर गोष्ट करायला हात लावला होता, ती ही. आणि ती बहिणीने पुसून टाकली. हे त्याला कमिटीत बोलता येत नव्हतं, म्हणून तो नियम बोलत होता.

अप्पांनी धाकटीकडे पाहिलं. ती पन्नाशीला टेकली होती, पण या टेबलाशी ती कायमची धाकटीच. नखांत निळा रंग रुतलेला, केसांत गिलाव्याची भुकटी.

"माझ्या चांदण्यांचं काय केलंस?"

"निम्म्या पाण्याने आधीच पडल्या होत्या. गिलावा सुटला होता. उरलेल्या मी पुसल्या."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. नाहीच म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

आत्याने चमचा बशीत ठेवला, त्याचा आवाज उगाच मोठा झाला. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, मुलगी असतानाच मठात गेलेली सिस्टर. दादाने तिला मुद्दाम बोलावलं होतं. अप्पा कुणाचं ऐकतील तर हिचं, आणि ही आपल्या बाजूने बोलेल, अशी त्याने खात्री करून घेतली होती.

"बाळा," आत्या धाकटीला म्हणाली, "बापाच्या हातचं काम होतं ते. एवढी आढ्यता बरी नव्हे. माफी माग आणि मोकळी हो."

"बरोबर," दादाने धागा उचलला. "मी तेच म्हणतोय. माफी माग. निळं तूच कर, बाहेरचे रंगारी नकोत. मी कमिटीला पटवतो. घरचं भांडण घरात मिटेल."

खरं तर हा सौदा वाईट नव्हता. दादाने त्यासाठी अध्यक्षांपुढे बरीच जीभ झिजवली होती. पण धाकटीने मान हलवली.

"अप्पांना दुखवलं त्याची माफी मागते. आत्ता मागते. अप्पा, तुम्हाला दुखवलं, माझं चुकलं. पण छताची माफी मागणार नाही. निळंही करणार नाही. कमिटीने पांढरा मारला तर तो पुन्हा खरवडीन. परांचीवरून खाली पाडलं तरी चालेल."

"बघा! बघा हिचा ताठा!"

"दादा, तू दर रविवारी हात जोडून काय म्हणतोस? दृश्य आणि अदृश्य अशा सगळ्याचा निर्माता. म्हणतोस ना? घडाघडा म्हणतोस. अप्पांनी दृश्य काढलं. सुंदर काढलं. मग अदृश्य कोणी काढायचं?"

"अदृश्य काढता येत नाही म्हणूनच त्याला अदृश्य म्हणतात! आणि हे खूळ तुझं नाहीच." दादा बायकोकडे वळला. "हे हिने भरवलंय. शाळेत पोरांना शिकवते ते सगळं घरी आणून सांडते. काय ते, दिसतं ते थोडं आणि न दिसणारंच जास्त. अगं, ते शाळेत ठेव. चर्चमध्ये कशाला?"

वहिनी हायस्कुलात विज्ञान शिकवायची. घरातून निघताना तिने नवऱ्याला शब्द दिला होता की मी मध्ये पडणार नाही, तुमचं बहीणभावाचं तुम्ही बघा. आणि ती खरंच गप्प बसणार होती. दादाने गप्प बसू दिलं असतं तर हे प्रकरण कदाचित वेगळ्या वाटेने गेलं असतं. पण दुखऱ्या शेपटीवर पाय त्यानेच दिला.

"सांगू का काय भरवलं?" ती म्हणाली. "नववीतल्या एका मुलीने मला वर्गात विचारलं. बाई, तुम्ही सोमवारी जे आकाश शिकवता त्यात देव कुठे बसतो? मी तिला म्हटलं, मधल्या सुट्टीत ये. ती आली, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन तुमच्या त्या निळ्याकडे बघत बसले. अप्पा, माफ करा, पण एका मापाच्या चांदण्या, एकीपासून दुसरी सारख्या अंतरावर. मला ते नीट घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखं वाटलं. तिथे धाकटी भेटली. तिला मी ते सगळं सांगितलं. दुसरं काही केलं नाही मी."

"म्हणजे केलंसच ना!"

"केलं! अहो, रविवारचं एक आकाश आणि सोमवारचं दुसरं, असं किती दिवस चालायचं? देव एकच आहे म्हणता आणि त्याला आकाशं मात्र दोन देता. मला रविवारी डोकं घरी ठेवून यावं लागतं. कंटाळा आलाय मला त्याचा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको आपल्याबरोबर चर्चमध्ये येताना डोकं घरी ठेवून येते हे दादाला नवीन होतं. कॉफी आणण्याच्या निमित्ताने तो उठला, पण किटली टेबलावरच होती, म्हणून पुन्हा बसला.

अप्पांनी फोन मागितला. दादाने काढलेला छताचा फोटो त्यांनी पुन्हा एकदा डोळ्यांजवळ धरला. ऑपरेशन झाल्यापासून ते चर्चमध्ये गेलेच नव्हते, फादर घरी येऊन त्यांना कम्युनियन देत. छताची त्यांची सगळी माहिती या तळहाताएवढ्या काचेतली.

"काळं दिसतंय," ते म्हणाले.

"काळ्या रंगाचा डबा उघडलेला नाही, अप्पा. निळ्यावर गेरू, गेरूवर हिरवा, पुन्हा निळा. तुमच्याच पद्धतीने. फोटोत ते काळंच येणार." धाकटीने फोन काढून घेतला आणि उलटा ठेवला. मग ती भावाकडे वळली. "दादा, मला एक सांग. तू गुडघ्यावरून बघितलंस?"



बाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळला नसता. या घरात मात्र तो पणजोबांपासूनचा कायदा होता. चर्चचं कुठलंही काम पुरं झालं की ते उभ्याने तपासायचं नाही. ज्याच्यासाठी चित्र काढलं तो माणूस गुडघे टेकून बघणार आहे, तेव्हा रंगाऱ्यानेही गुडघे टेकावेत, प्रार्थना म्हणून एक 'आमच्या बापा' म्हणावा आणि मग वर बघावं. त्याआधी बरंवाईट बोलायचं नाही. त्यातूनच घरात 'उभ्याची नजर' ही शिवी तयार झाली होती. कुणी न चाखता मीठ मागितलं, फोटो पाहूनच स्थळ नाकारलं, की त्याची उभ्याची नजर निघायची. दादाने स्वतःच्या मुलांना ती शेकडो वेळा दिली होती.

"कमिटीची मीटिंग होती," दादा म्हणाला. "नोव्हेनाची प्रार्थना नव्हती. आम्ही सगळे उभे होतो."

"म्हणजे नाही बघितलंस."

"बघितलं की! दारातून बघितलं, मधून बघितलं, परांचीवर चढून बघितलं—"

"परांचीवर चढलास, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकल्यास. गुडघ्यावरून?"

दादाने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी नजर काढून घेतली नाही.

"नाही," दादा म्हणाला.

"मग या घरात त्या छतावर तुला मत नाही. मला नको सांगू, अप्पांना विचार."

"चला तर मग!" दादा उठून उभा राहिला. चेहरा लाल झाला होता. "आत्ता चला. मी दोन्ही गुडघे टेकतो. नाही आवडलं तर मग तू बोलायचं नाहीस. आहे कबूल?"

"मी तर चर्चमध्येच राहायला तयार आहे," धाकटी म्हणाली.

अप्पा चाकाच्या खुर्चीकडे हात करत म्हणाले, "मला कोण नेणार?"

चर्च गल्लीच्या टोकाला, लाँड्रीसमोर होतं. दुपार उतरली होती. दादाने खुर्ची ढकलली, बाकीच्या मागून चालल्या. लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला, कारण हे कुटुंब एकत्र एकाच दिशेने चाललेलं त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. सचिवाकडे किल्ली असतेच. दार उघडलं तसा मेणाचा आणि ताज्या रंगाचा वास बाहेर आला.

आत बाकांच्या रांगा, पुढे एक जाड कमान, कमानीपलीकडे वेदी. वेदीमागच्या भिंतीवर आजोबांनी काढलेली मरिया होती. साधी बाई, मांडीवर मूल, मुलाचा एक हात वर केलेला. तिच्या वरच्या छतावर अप्पांचं आकाश होतं, आता तिथे धाकटीचं होतं. दारातून त्यातलं फारसं दिसत नव्हतं. कमानीखालून अंधाराची एक पट्टी दिसत होती, बस. परांची अजून एका बाजूला उभी होती.

दादा पहिल्या बाकापर्यंत गेला. गुडघे टेकायची फळी त्याने पायाने खाली पाडली, पँट वर ओढली आणि टेकला. एक गुडघा कटकन वाजला. 'आमच्या बापा' त्याने मोठ्याने म्हटला, कुणी नंतर म्हणायला नको की घाईत म्हटला. मग वर बघितलं.

आधी त्याला फक्त अथांग खोली दिसली. छत होतं तिथे छत नव्हतंच, मागे मागे गेलेलं काहीतरी होतं, आणि त्यात ठिकठिकाणी प्रकाश सांडलेला होता, कुठे राखेसारखा, कुठे टाचणीच्या टोकाएवढा. एका मापाचं काहीच नव्हतं. त्याला गरगरलं. तो बाक धरून राहिला. मग नजर खाली आली आणि मुलाच्या वर केलेल्या हातापाशी थांबली. बोटांच्या अगदी वर, एवढ्या मोठ्या अंधाराच्या काठावर, फिका निळसर ठिपका होता. मघाशी तो नव्हता.

दादा उभा राहिला. ठिपका कमानीमागे गेला. तो पुन्हा टेकला, ठिपका आला. तिसऱ्यांदा उठबस केली तेव्हा वहिनीला राहवलं नाही.

"अहो, पुरे. व्यायाम झाला."

"काय आहे तो?" त्याने मान न वळवता विचारलं.

"आपण," धाकटी त्याच्या शेजारी टेकली होती. "पृथ्वी. आपण सगळे. तुझ्या दुकानासकट."

"एवढीशी?"

"मोठीच काढलीय. वहिनीच्या मापाने काढली असती तर दिसलीच नसती."

धाकटी हळू आवाजात, पण वाद घालावा तशी बोलत राहिली.

"इतकी वर्षं आपण म्हणतो, ज्याने आकाश केलं तो आपल्यात आला. निळ्या चांदण्यांखाली ते ऐकायला गोड वाटायचं. शेजारच्या गावाहून मामा यावा तसं. मला ते गोड करायचं नव्हतं, दादा. हे सगळं ज्याच्या हातचं आहे तो त्या ठिपक्यावर आला. एका बाईच्या मांडीवर, दूध पिणारं पोर होऊन. हे ऐकून माणसाची बोबडी वळायला हवी. परांचीवर झोपून मी रंग लावायचे तेव्हा माझी वळायची. मी रडायचे आणि रंग लावायचे. दुसरी प्रार्थना मला येत नाही."

दादाने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. मग तो सावकाश उठला.

"मला नाही आवडलं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. मला त्या चांदण्या हव्या आहेत. सोनं हवंय. पण..." त्याने पुन्हा एकदा वर बघितलं. "पण उभ्याने यातलं काही दिसत नाही, हे कबूल. कमिटीने बघितलं ते हे नव्हतंच."

धाकटीला हे पुरेसं नव्हतं आणि तिच्या चेहऱ्यावर तसं दिसलं. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. नवरा सगळ्यांसमोर "कबूल" म्हणाला, हे वहिनीच्या हिशेबी फार होतं.

आत्या मागच्या बाकाशी टेकून होती. ती कधी टेकली ते कुणाला कळलं नव्हतं. तिने काय बघितलं ते ती सांगणार नव्हती. मठात माणूस आपलं आतलं सांगत सुटत नाही. पण दादा तिच्याजवळ येऊन कुजबुजला, "आत्या, तू बोल अप्पांशी. निळंच बरं म्हणून सांग. ते तुझं ऐकतील," आणि मग तिला गप्प राहणं हेच खोटं बोलण्यासारखं वाटायला लागलं.

"अप्पा," तिने तिथूनच हाक मारली. "मी या पोराला शब्द दिला होता की तुला निळं करायला सांगेन. तो शब्द मी मोडतेय."

"का?"

"मला प्रार्थनेत काही ऐकू येत नाही. आजचं नाही, फार वर्षांचं. मी बसते, म्हणते, उठते. पलीकडून काही नाही. तरी मी बसते, कारण मी त्याला बसेन म्हटलंय. आणि इथे आले की वर तुझं ते निळं, लखलखीत. मला वाटायचं, माझ्याशिवाय सगळ्यांचं आकाश निळं आहे." आत्याचा आवाज कापत नव्हता, उलट तिला राग आलेला होता. "आज पहिल्यांदा मला वाटलं की मीही चर्चमध्ये आहे. हे पुसलं तर मी इथे पाय ठेवणार नाही. मठातल्या मदरना काय सांगायचं ते मी सांगेन."

दादाचा हुकमी एक्का समोरच्याच्या हातात गेला होता.

अप्पा खुर्चीत पुढे झुकले. "सिस्टर, इतकी वर्षं माझ्या छताखाली बसून तू हे मला कधी बोलली नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटतंय."

"वाटू दे," आत्या म्हणाली.

अप्पांनी दोन्ही हात पुढे केले. "मला टेकवा."

"अप्पा, डॉक्टरांनी—"

"डॉक्टरांना छतं कळत नाहीत. टेकवा."

दादाने एका बाजूने धरलं, धाकटीने दुसऱ्या. वहिनीने बाकावरची उशी फळीवर घातली. अप्पा गुडघ्यांवर आले तेव्हा त्यांच्या तोंडून हुंकार निघाला, पण थांबा म्हणाले नाहीत. बाकाची कड धरून त्यांनी प्रार्थना पुटपुटली आणि वर बघितलं.

धाकटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. कमिटी, अध्यक्ष, पांढरे डबे, यातल्या कशाचीही तिला भीती वाटली नव्हती. या एका माणसाच्या डोळ्यांची वाटत होती. आपल्याला ब्रश धरायला शिकवलं त्याचंच काम आपण पुसलं. आता तो जे म्हणेल ते जन्मभर कानात राहणार, हे तिला माहीत होतं. तिने एक पाऊलही मागे घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

अप्पांची नजर छताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली.

"डावीकडचा पट्टा घाईत ओढलायस."

"पाऊस होता. गिलावा सुकत नव्हता."

"कारणं नकोत. घाईत ओढलायस."

"हो."

"ठिपक्याची जागा बरोबर आहे. बोटाला चिकटला असता तर वाया गेलं असतं." ते थांबले. "ती जागा मला सुचली नाही. माझ्या बापाने काढलेल्या पोराचा हात तिथे वर केलेला होता आणि मी त्याच्या डोक्यावर नुसत्या चांदण्या चिकटवत बसलो."

धाकटीला हुंदका आला. तो तिने गिळला नाही.

"रडू नकोस, मी खूश नाहीये," अप्पा म्हणाले. मग दादाला म्हणाले, "ऐक. फादरना माझा शब्द सांग. माझं आकाश माझ्या मुलीने मला न विचारता पुसलं. ते मला झोंबलंय आणि मरेपर्यंत झोंबेल. पण तो माझा आणि तिचा मामला आहे. त्यात कमिटीने डबे घेऊन यायचं कारण नाही. या छताला कुणी हात लावायचा नाही. संपलं."

"अध्यक्ष मला फाडून खातील."

"खाऊ देत. तू पुरून उरशील."

दादाने वर बघितलं, मग बहिणीकडे. सचिवाचा आवाज त्याने शोधला, पण आला तो मुलाचा.

"सांगतो," तो म्हणाला. "उद्या मिस्सेनंतर सगळ्यांसमोर सांगतो. मला आवडलेलं नाही हेही सांगेन."

"सांग ना," धाकटी म्हणाली. "मोठ्याने सांग. आणि परांची आणखी आठ दिवस राहू दे. डावीकडचा पट्टा नीट करायचाय."

"अजून काम बाकीच आहे होय?" दादा ओरडला, आणि त्याचा आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. वहिनी आता खुशाल हसली.

अप्पा हसले नाहीत. त्यांची मान अजून वरच होती.

"तुमची आई गेली तेव्हा पेटी इथेच ठेवली होती," ते म्हणाले. "या जागेवर. मी वर बघितलं. म्हटलं, असेल तिथेच कुठेतरी, मी लावलेल्या चांदण्यांत. रोज येऊन बघायचो. कधी ही चांदणी, कधी ती. बरं वाटायचं. निळ्याखाली मला मरणाची भीती वाटली नाही कधी." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "आता वाटतेय. एवढ्या मोठ्या अंधारात मी तिला कुठे शोधू?"

धाकटीने यावर विचार केला होता असं नाही. परांचीवर तिने सगळ्याचा विचार केला होता, याचा नाही. ती त्यांच्याजवळ खाली बसली. काहीतरी गोड बोलावंसं तिला वाटलं, आणि ते तिने केलं नाही.

"मला माहीत नाही, अप्पा."

"मला तरी कुठे माहीत आहे."

"तुम्ही म्हणाल तर—"

"पुसशील?"

"नाही," ती म्हणाली. "पुसणार नाही."

अप्पांनी मान डोलावली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, केसांतली भुकटी झटकली, आणि हात परत बाकाच्या कडेवर नेला.

"अप्पा, उठा आता," दादाने काखेत हात घातला. "पाय आखडतील. टाके अजून ओले आहेत."

"सोड."

"अहो पण—"

"सोड म्हणतो ना. तुमच्याशी माझं बोलून झालं. आता त्याच्याशी भांडायचंय. जा, बाहेर थांबा सगळे."

तेव्हा आत्याने दादाचा हात धरला, वहिनीने धाकटीचा, आणि सगळी जणं दाराबाहेर पायरीवर येऊन बसली. आतून अप्पांचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण चढलेला आवाज होता तो, आणि मध्ये मध्ये थांबत होता, जसा माणूस समोरच्याचं ऐकून घ्यायला थांबतो.

दादा दार लावायला उठला. आत्याने त्याला खाली बसवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मलाही ऐकायचंय."